नोंदी वाढल्या, म्हणजे मार वाढला का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत: लहान मुलांचा छळ आणि हेळसांड थांबावी म्हणून घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या भेटी, आणि त्यांचा उपयोग होतो की नाही हे ओळखण्याची रीत. पहिले पत्र मोठे आहे, म्हणून त्याचे उत्तरही मोठे झाले आहे.

प्रश्न : आमची लहानशी संस्था सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमध्ये काम करते. गेली दोन वर्षे आमच्या सहा ताई गरोदर बायका आणि तीन वर्षांखालील मुले असलेल्या सुमारे पावणेदोनशे घरी महिन्यातून दोनदा जातात. मुलाला मारू नये, एकटे सोडू नये, रडणाऱ्या बाळाला जोराने हलवू नये, तंबाखू आणि कातर त्याच्या हाती लागू देऊ नये, त्याच्याशी बोलावे, खेळावे, असे या भेटींचे साधे स्वरूप आहे. आता देणगीदारांनी विचारले आहे की या भेटींमुळे छळ आणि हेळसांड किती टक्क्यांनी कमी झाली ते आकड्यांत दाखवा. अडचण अशी की काम सुरू होण्याआधीच्या वर्षी आमच्या वस्त्यांतून बाल कल्याण समितीपर्यंत दोन प्रकरणे गेली होती आणि गेल्या वर्षी सात गेली. काही विश्वस्त म्हणतात, हा आकडा अहवालात घालूच नका. काहींना वाटते, कामच फसले. भेटी देणाऱ्या ताई तर पार खचल्या आहेत. आम्ही काय मोजावे आणि कसे मोजावे? — एक कार्यकर्ती, सोलापूर

उत्तर : सर्वांत आधी त्या सात प्रकरणांविषयी. ती अहवालातून गाळू नका, आणि त्यांच्यामुळे खचूही नका.

मूल मार खाते आणि त्याचे नाव कागदावर येते या दोहोंमध्ये चार पायऱ्या असतात. ते कोणाच्या तरी दृष्टीस पडावे लागते, पाहणाऱ्याला ते गैर वाटावे लागते, सांगण्याचे धैर्य व्हावे लागते आणि कुठे सांगायचे हे ठाऊक असावे लागते. तुमच्या ताई महिन्यातून दोनदा उंबरा ओलांडून आत जाऊ लागल्या तेव्हा या चारही पायऱ्या एकदम सोप्या झाल्या. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात १२,४४७ मुलांना थेट विचारण्यात आले आणि दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. इतकी मुले कोणत्याही पोलीस ठाण्याच्या किंवा समितीच्या दप्तरात कधीच नव्हती. जे दप्तरात येते ते प्रत्यक्षाचा एवढा लहान तुकडा असेल, तर पाहणारे डोळे वाढताच तो तुकडा मोठा होणार, मग आतला मार वाढलेला असो की कमी झालेला. या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांना ही अडचण चांगली ठाऊक आहे, आणि भेट दिलेल्या घरांची तक्रारींच्या नोंदींवरून पारख करताना ते तिचा विचार करतात.

मात्र याचा अर्थ काम यशस्वी झाले असाही होत नाही. दोन आणि सात हे आकडे इतके लहान आहेत की एखाद्या वर्षी नुसत्या योगायोगानेही असा फरक पडू शकतो. म्हणून त्या सात प्रकरणांचे कागद एका दुपारी समोर घेऊन बसा. प्रत्येक मूल किती वर्षांचे होते, इजा किती झाली होती, पहिल्यांदा कोणी सांगितले आणि घटना घडल्यापासून किती दिवसांनी, एवढे लिहून काढा. आधीच्या दोन मुलांचे हाड मोडल्यावर ती रुग्णालयामार्फत समितीपुढे गेली असतील आणि नंतरच्या सातांपैकी बहुतेकांची हकीकत आईने किंवा शेजारणीने ताईला इजा होण्याआधीच सांगितली असेल, तर त्या सातच्या आकड्याचा अर्थ पार वेगळा होतो. तसे नसेल तर तेही तसेच लिहावे लागेल.

आता देणगीदारांच्या टक्केवारीकडे येऊ. "आधी इतके होते, नंतर इतके झाले" एवढ्या मांडणीवर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. तुम्ही घरे निवडलीत ती बहुधा त्यांच्या सर्वांत वाईट काळात: माग बंद पडून नवरा घरी बसलेला, घरात तान्हे मूल, मदतीला कोणी नाही. अशा तळापासून बरीचशी घरे वर्ष-दोन वर्षांत आपसूक थोडी सावरतात, कोणी भेट द्यायला येवो वा न येवो. उलट मूल चालू लागले, हट्ट करू लागले की त्याला मार बसण्याचे प्रसंग वाढतात, तोही भेटींचा दोष नसतो. म्हणून खरा प्रश्न असा की भेटी झाल्या नसत्या तर याच घरांत काय झाले असते. ते कळण्यासाठी भेटी न मिळालेली पण बाकी सर्व बाबतीत सारखी असलेली घरे हवीत. यालाच तुलनागट म्हणतात, आणि तो सोडत काढून ठरवलेला असेल तर उत्तम.

या विषयातले सर्वांत गाजलेले काम अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. पहिलटकरीण असलेल्या ४०० स्त्रियांची सोडतीने विभागणी झाली. काहींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहिल्या. पंधरा वर्षांनी, १९९७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत भेटी मिळालेल्या मातांच्या नावे छळ आणि हेळसांडीच्या सिद्ध तक्रारी ४८ टक्क्यांनी कमी आढळल्या. नेदरलँड्समध्ये याच पद्धतीची चाचणी ४६० तरुण गरोदर स्त्रियांवर झाली. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत बालसंरक्षण यंत्रणेकडे नोंद झालेली घरे भेटींच्या गटात ११ टक्के होती, तर तुलनागटात १९ टक्के. म्हणजे सरकारी नोंदी अगदीच कुचकामी नसतात, पण दोन्ही गटांना तोच गज लावलेला असावा लागतो.

हे वाचून कोणी असे समजू नये की गृहभेट म्हटली की यश ठरलेलेच. हवाई बेटांवरचा राज्य सरकारचा कार्यक्रम इतका वाखाणला गेला होता की १९९२ पासून त्याच्या नमुन्यावर अमेरिकाभर दुसरे कार्यक्रम उभे राहिले. पुढे सोडतीने पाडलेल्या गटांची तुलना करून तपासणी झाली तेव्हा मुलांच्या छळात म्हणण्यासारखी घट दिसली नाही. कारणे शोधताना दोन गोष्टी समोर आल्या. जवळपास निम्मी घरे पहिल्या वर्षातच कार्यक्रमातून बाहेर पडली होती. आणि भेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांना घरातली मारझोड, आईला आलेले नैराश्य, व्यसन ही धोक्याची लक्षणे पुष्कळदा ओळखूच आली नव्हती. या दुसऱ्या गोष्टीपाशी मी वाचता वाचता थांबले होते. एवढी घरे, एवढ्या भेटी, आणि ज्यासाठी जायचे तेच डोळ्यांआड राहिले.

म्हणून भेटींनी काय साधले हे विचारण्यापूर्वी भेटी खरोखर झाल्या का, हे पाहा. महिन्याला दोन या हिशेबाने एका घरी वर्षाच्या चोवीस भेटी होतात. तुमच्या नोंदवहीत प्रत्यक्ष किती आहेत, त्यांपैकी "घर बंद" किती आणि दारातूनच परतलेल्या किती? विडी वळणारी बाई तयार माल घेऊन कारखान्यात जाते आणि पाने-तंबाखू घेऊन परतते. त्याच वेळेत ताई पोहोचत असेल तर तिला कुलूपच दिसणार. ज्या घरांतून भेटी बंद पडल्या ती घरेही मूल्यमापनातून वगळू नका. टिकून राहिलेली घरे बहुधा मुळातच थोडी बरी असतात, आणि फक्त त्यांचेच आकडे दिले तर कामाचे चित्र आहे त्यापेक्षा उजळ दिसते.

काय मोजावे, याबद्दल एक प्रसंग सांगते. गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका ताईंबरोबर एका घरी गेले होते. पत्र्याची एक खोली, आई मांडीवर सूप घेऊन पाने कातरत बसलेली, आणि दीड वर्षाचा मुलगा जुन्या साडीच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधलेला. ताईंच्या तक्त्यात एक ओळ होती: "मुलाला बांधून ठेवले, होय किंवा नाही." त्यांनी "होय"वर खूण केली, आणि त्या एका खुणेने ते घर हेळसांडीच्या यादीत गेले. मी थोडी जवळ बसले. पट्टी चांगली चार हात लांब होती, कमरेला सैल बांधलेली, कातडीवर वळ नव्हता. मुलाजवळ पाण्याची वाटी आणि वाजवायला पळी ठेवली होती. तंबाखूचा डबा वरच्या फळीवर होता. आई म्हणाली, "अक्का, सोडला की पहिला तंबाखूत हात घालतो. एकदा तोंडात घातली होती, रात्रभर उलट्या." त्या बाईने मुलाला बांधले होते ते त्याला जपण्यासाठी. तरीही वाढत्या मुलाने रोज पाच-सहा तास चार हातांच्या वर्तुळात राहणे हे त्याच्यासाठी चांगले नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लिहायला त्या तक्त्यात जागा नव्हती.

तेव्हा तुमच्या तक्त्यातली "होय-नाही" काढून तिथे किती वेळ, कशासाठी आणि दुसरा कोणता उपाय त्या घरी होता, असे तीन रकाने करा. मग दोन ताईंना एकाच घरी एकत्र पाठवून दोघींना वेगवेगळे लिहायला सांगा. पाच-दहा घरांनंतर दोघींचे लिहिणे जुळत नसेल, तर तुमचे माप अजून पक्के झालेले नाही असे समजून तक्ता पुन्हा करायला घ्या.

छळासारख्या झाकल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी एकच माप पुरत नाही, तीन-चार ठिकाणांहून पाहावे लागते. इजांची नोंद हे त्यातले मला सर्वांत भरवशाचे वाटणारे माप आहे. भाजणे, पडणे, तंबाखू किंवा रॉकेल पोटात जाणे, यासाठी मुलाला दवाखान्यात नेले असेल तर केसपेपर असतो, आणि त्यावरची तारीख भेट देणाऱ्या ताईवर अवलंबून नसते. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च येथे ४४३ कुटुंबांची अशी चाचणी झाली. तिच्यात इजेमुळे रुग्णालयात न्यावी लागलेली मुले भेटींच्या गटात १७.५ टक्के आणि तुलनागटात २६.३ टक्के होती.

दुसरे माप म्हणजे आईचे स्वतःचे सांगणे. इथे प्रश्न कसा विचारला जातो यावर सारे अवलंबून असते. "तुम्ही मुलाला मारता का?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "नाही हो, मी कशाला मारू?" त्याऐवजी "गेल्या आठवड्यात त्याने ऐकले नाही असा एखादा प्रसंग आठवतो का, तेव्हा तुम्ही काय केलेत?" असे विचारावे आणि मग ओरडले, हात धरून ओढले, थप्पड मारली, पळीने किंवा पट्ट्याने मारले, जेवण दिले नाही, असे एकेक कृतीचे नाव घेऊन विचारावे. हे विचारणारी व्यक्ती भेट देणारी ताई नसावी. जी बाई वर्षभर "मारू नका" असे सांगत आली तिला आई खरे सांगेल ही अपेक्षा चुकीची आहे, कारण तिचे मन आईला मोडवणार नाही. शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयातले तेलुगू बोलणारे विद्यार्थी मिळाले तर उत्तम, आणि कोणते घर भेटींच्या गटातले आहे हे त्यांना सांगू नका. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांत आई मुलाला रागावते ती तेलुगूत, पण तक्ता मात्र मराठीत असतो. नुसते भाषांतर करून भागणार नाही. सौम्य चापट आणि खरा मार यांच्यासाठी त्या घरांत कोणते शब्द आहेत, हे आधी दोन-चार आजींकडून समजून घ्या.

राहिली संख्या. पावणेदोनशे घरांत देणगीदारांना हवी ती टक्केवारी निघणार नाही, हे त्यांना स्पष्ट लिहा. दर शंभर घरांत दहा ठिकाणी गंभीर छळ होत असेल आणि तो निम्म्यावर आला असेल, तरी तो फरक नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांवर ओळखण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ४३५ घरे लागतात. तुमच्या एकट्या संस्थेकडून एवढी मोठी चाचणी मागणे अन्यायाचे आहे. तीन-चार संस्थांनी एकच तक्ता वापरून आकडे एकत्र केले तर तिथवर पोहोचता येईल.

तुलनेविषयी आणखी एक मुद्दा सांगायला हवा. इंग्लंडमध्ये १९ वर्षांपर्यंतच्या १,६४५ गरोदर मुलींवर एल्मायराच्याच पद्धतीची चाचणी झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष आले: गरोदरपणातले धूम्रपान, बाळाचे वजन, दोन वर्षांपर्यंत रुग्णालयात तातडीने न्यावे लागणे आणि दुसरे गरोदरपण लवकर येणे, या चारही मुख्य बाबतींत फरक नाही. यामागचे एक कारण असे सांगितले जाते की त्या देशात प्रत्येक बाळंतिणीकडे सुईण आणि आरोग्य परिचारिका एरवीही जातातच. आपल्याकडेही घर अगदी मोकळे नसते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर बेचाळीस दिवसांत सहा वेळा आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात आशाताईंनी यावे अशी सरकारी योजनाच आहे, आणि अंगणवाडीच्या सेविकाही येतात. तेव्हा तुमच्या ताईंनी त्यात नेमकी कोणती भर घातली, हा प्रश्न मूल्यमापनाच्या पहिल्याच पानावर हवा. त्या वस्तीतल्या आशाताईंना सोबत बसवल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : मी समाजकार्याचा विद्यार्थी आहे. गरजू कुटुंबांची सोडत काढून अर्ध्यांना मदत द्यायची आणि अर्ध्यांना फक्त मोजायचे, हे मला मनाला पटत नाही. हा त्या मुलांवर अन्याय नाही का? — एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तुम्हाला हे टोचते ते योग्यच आहे, आणि ज्याला ते टोचत नाही त्याने असे काम हाती घेऊ नये. पण वस्तुस्थितीही पाहा. सहा ताईंना सहाशे घरे सांभाळता येत नाहीत, म्हणजे निवड होणारच. ती आज कशी होते? जे घर रस्त्यालगत आहे, ज्याचे नाव नगरसेवकाने सुचवले, ज्या बाईची ताईंशी ओळख आहे, ते आधी. त्यापेक्षा सर्वांसमोर चिठ्ठ्या काढणे मला अधिक न्यायाचे वाटते, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांना पुढच्या वर्षी भेटी द्यायच्या असे आधीच जाहीर करता येते. मूल आत्ता, या घडीला धोक्यात आहे असे जिथे दिसते ते घर सोडतीत घालायचेच नाही. तिथे १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवायचे आणि त्याच दिवशी काय करता येईल ते पाहायचे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती कळवणे बंधनकारक आहे, मग तुम्ही भेट देणारे असा की मोजणारे. ही गोष्ट आईला पहिल्याच भेटीत, तिच्या संमतीची सही घेण्याआधी सांगायला हवी.

घरांऐवजी अख्ख्या वस्त्यांची तुलना करणे हाही एक मार्ग आहे, आणि सोलापूरच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत तोच सोयीचा पडेल, कारण एका दारात सांगितलेले समोरच्या दारात संध्याकाळपर्यंत पोहोचते. आपल्याच राज्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तिथे गावे सोडतीने वाटलेली नव्हती, पण काम सुरू करण्याआधी दोन वर्षे दोन्हीकडची मोजणी केलेली होती, म्हणून तुलनेला आधार होता. तुमच्या विषयात मात्र एक फरक लक्षात ठेवा: गावातला मृत्यू लपत नाही, बंद दाराआडची थप्पड लपते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. या कामाला शिकलेली नर्स लागते, वस्तीतल्या बाईचे हे काम नव्हे, असे एका शिबिरात सांगितले गेले. हे खरे आहे का? — एक निवृत्त सेविका, सोलापूर

उत्तर : या म्हणण्याला आधार आहे, पण तो अर्धा आहे. अमेरिकेत डेन्व्हर येथे ७३५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत तोच कार्यक्रम काहींना परिचारिकांकडून आणि काहींना त्याच समाजातल्या, परिचारिकेचे शिक्षण नसलेल्या कार्यकर्त्यांकडून मिळाला, आणि परिचारिकांच्या भेटींचा परिणाम अधिक दिसला. दुसरीकडे जमैकात खुंटलेल्या वाढीच्या १२९ मुलांच्या अभ्यासात साध्या आरोग्य सहायिका दोन वर्षे दर आठवड्याला काहींच्या घरी जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवत होत्या. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. त्या अभ्यासाचा विषय छळ नव्हता, हे खरे. तरी तिथे प्रशिक्षण पक्के होते आणि कामावर जाणकारांची देखरेख होती. तुमच्यासारखी बाई, जिला त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाचे वजन आणि त्याच्या आजीचा स्वभाव ठाऊक आहे, तिच्यापाठीमागे महिन्यातून दोनदा तिचे ऐकून घेणारी, नोंदी तपासणारी जाणती व्यक्ती असेल, तर मी तिला या कामातून वगळणार नाही. पण एकीवर साठ घरे टाकली आणि एका दिवसाच्या शिबिरावर भागवले, तर नर्स असो वा सेविका, दोघींच्याही हाती काही लागणार नाही.

प्रश्न : मी भेटी देणारी कार्यकर्ती आहे. ज्या घरात बाईलाच रोज मार बसतो तिथे मी "मुलाला मारू नका" हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि अशा घराची नोंद कशी करू? — एक ताई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रापाशी मी सर्वांत जास्त वेळ बसले. ज्या एल्मायराच्या यशाचे आकडे मी वर दिले त्याच अभ्यासाची पुढची तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात तुमचाच प्रश्न होता. घरात आईला होणारी मारहाण जसजशी जास्त, तसतसा परिचारिकांच्या भेटींचा मुलांच्या बाबतीतला परिणाम कमी होत गेला होता. पंधरा वर्षांत मारहाणीच्या २८ पेक्षा जास्त घटना सांगणाऱ्या स्त्रियांच्या घरी तर तो परिणाम दिसेनासा झाला होता. त्या भेटींनी बायकांना होणारी मारहाणही कमी केली नव्हती. म्हणजे तुमच्या हातून काही होत नाही असे तुम्हाला वाटते तिथे नावाजलेल्या कार्यक्रमाच्याही हातून झाले नव्हते. त्यात तुमचे चुकत नाही.

कॅनडातील हॅमिल्टन येथे एकदा छळाची तक्रार झालेल्या १६३ कुटुंबांकडे सार्वजनिक आरोग्य परिचारिकांना नियमित पाठवले गेले. २००५ साली निष्कर्ष आला की छळ पुन्हा होण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. छळ सुरू होण्याआधी जाणे आणि तो सुरू झाल्यावर जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम एकट्या ताईच्या खांद्यावर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. संस्थेने त्या अधिकाऱ्यांना तुमच्यासोबत एकदा समोरासमोर बसवावे, म्हणजे वेळ येईल तेव्हा फोनवर तुम्ही अनोळखी राहणार नाही.

"मुलाला मारू नका" हे वाक्य त्या घरी तूर्त बाजूला ठेवा. नवरा घरी नसण्याची वेळ तिलाच विचारा, आणि पहिल्यांदा तिची विचारपूस करा: रात्री झोप लागते का, माहेरी कोण आहे, तो पिऊन आला की मूल कुठे असते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मुलाबद्दल तक्त्यापेक्षा जास्त सांगेल. शेजारच्या कोणत्या घरी मुलाला घेऊन जाता येईल, हे तिच्याशी बोलून आधीच ठरवून ठेवा.

नोंदीचे म्हणाल तर आईला होणाऱ्या मारहाणीसाठी तुमच्या संस्थेच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना हवा, म्हणजे मूल्यमापन करताना अशी घरे वेगळी काढून पाहता येतील. नाहीतर भेटींचा जिथे उपयोग झाला ती घरे आणि जिथे झाला नाही ती घरे एकमेकांत मिसळून सरासरीत काहीच दिसणार नाही. मात्र ही नोंद त्या घरात बसून लिहू नका. घरी ठेवायच्या कार्डावर तर त्याचा एक शब्दही येऊ देऊ नका, कारण ते कार्ड नवऱ्याच्या हाती पडू शकते. गल्लीच्या बाहेर आल्यावर, नावाऐवजी घराचा संकेत क्रमांक घालून लिहा, आणि ती वही संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवा.